उशाखालची माती

"सारा, तुझं कुणीतरी इस्रायलमध्ये असतं ना?" असं हनाननं विचारलं तेव्हा मी घरी निघालेल्या एका पेशंटच्या गोळ्यांवर शेवटची नजर फिरवत होते, आणि हातातलं पाकीट हातातच राहिलं. तिकडं युद्ध पेटलं त्या ऑक्टोबरनंतर मँचेस्टरच्या आमच्या हॉस्पिटलच्या फार्मसीत तो शब्द कुणी मोठ्यानं उच्चारलेला नव्हता. अंथरुणाला खिळलेल्या माणसासमोर रोगाचं नाव घेत नाहीत, तसं चाललं होतं आमचं. चहाच्या खोलीत पाऊस, ट्रामचे घोळ, कुणाच्या तरी किचनचं एक्स्टेन्शन. त्यापलीकडं कुणी जायचं नाही. हनान पॅलेस्टिनी, मी ज्यू, आणि दोघी एकाच किटलीतलं पाणी पिणाऱ्या. आमच्याकडं बघून इतरांना उगाच अवघडायला व्हायचं आणि त्यांच्याकडं बघून आम्हाला. मी ज्यू असल्याचं तिला पहिल्यांदा कळलं तेव्हा ती सरळ म्हणाली होती, "छे, तू तर इंडियन आहेस!" मग मी आमचं पुराण लावलं होतं, जे मला झोपेतही म्हणता येतं: दोन हजार वर्षांपूर्वी कोकणच्या किनाऱ्यावर एक जहाज फुटलं, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, त्यांनी तेलाचे घाणे चालवले, शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून लोक शनवार तेली म्हणायला लागले, आणि वाक्रूळ गावात राहिलो म्हणून आम्ही वाक्रूळकर. "तेल? आमच्याकडंही तेलाचाच घाणा होता, ऑलिव्हचा," ती म्हणाली होती, आणि आम्ही दोघी हसलो होतो. पण ते सगळं ऑक्टोबरच्या आधीचं.

आता ती दाराकडं पाठ करून हळू आवाजात बोलत होती. तिची आजी, जिला ती तेता म्हणते, क्रम्पसॉलला तिच्याकडंच असते. मध्यंतरी पडली, आणि तेव्हापासून खाटेवरून उठलीच नाही. डॉक्टरही आता नुसते दुखणं कमी करायला येतात. "तिला तिच्या गावची माती हवी आहे," हनान म्हणाली. "मूठभर. कबरीत डोक्याखाली ठेवायला. गेल्या वेळी मी निघाले तर मला विमानतळावरूनच परत पाठवलं. तुझ्या कुणाला आणता आली तर बघ." मी गाव विचारलं. "अल-लिद. तुम्ही लोक लोद म्हणता." ते 'तुम्ही लोक' तिनं मुद्दाम म्हटलं नव्हतं, तरी ते लागायचं तिथं लागलं. पण माझी वाचा बसली ती त्यामुळं नव्हे. लोदची माती आणायला कुणालाही कुठंही जायची गरज नव्हती. ती प्रेस्टविचला माझ्या घरात, पप्पांच्या कपाटात, लोकरीच्या मोज्यांमागं एका लोणच्याच्या बरणीत होती. "बघते," मी म्हणाले. मराठी माणसाचं हे 'बघते' फार सोयीचं असतं, त्यात हो पण नसतं आणि नाही पण नसतं. इंग्रजीत सांगितलं की समोरच्या बिचाऱ्याला खरंच वाटतं आपण काहीतरी बघणार आहोत. हनाननं माझा दंड दाबला आणि डोळे पुसत काउंटरवर गेली.

ट्राममध्ये बसल्यावर माझ्या लक्षात आलं की मी खोटं बोलले नाही आणि खरंही बोलले नाही, आणि दोन्हीची लाज सारखीच वाटते आहे. बाहेर चार वाजताच दिवे लागले होते. ती बरणी आमच्या घरात देवासारखी होती, म्हणजे आमच्याकडं देवाची मूर्ती नसते, पण असती तर तिच्याशी आम्ही असेच वागलो असतो. पप्पा अकरा वर्षांचे असताना माझे आजोबा बायकोला आणि पोराला घेऊन ठाण्याहून तिकडं गेले. आजोबा रेल्वेत फिटर होते, तिकडंही रेल्वेतच लागले, लोदच्या यार्डात. सरकारनं राहायला घर दिलं, जुनं, दगडी, कमानीचं. आजी काही वर्षांत तिथंच वारली आणि आजोबांचं मन उडालं. पोराला घेऊन ते ठाण्याला परत आले. येताना पोरानं आईच्या कबरीवरची माती घेतली, आईनं ठाण्याहून नेलेल्या लोणच्याच्या बरणीत. ही गोष्ट ऐकतच मी वाढले. ठाण्यातल्या दोन खोल्यांतून ती बरणी आमच्याबरोबर हिंडली, माझी आई गेल्यावर पप्पा माझ्याकडं मँचेस्टरला राहायला आले तेव्हा विमानात ती त्यांच्या मांडीवर होती, आणि सिक्युरिटीवाल्यानं हे काय म्हणून विचारलं तर पप्पा म्हणाले, "माय मदर." तो बिचारा इतका गोंधळला की त्यानं जाऊ दिलं. आमच्यात मेलेल्या माणसाच्या डोक्याखाली त्या भूमीतली माती ठेवतात. इथल्या दफन सोसायटीकडं तिची तयार पाकिटं असतात, लेबल लावलेली. ते ऐकून पप्पा म्हणाले होते, "मी दुकानातल्या मातीवर झोपणार नाही." गेल्या महिन्यात कन्सल्टंटनं त्यांच्या हृदयाबद्दल अगदी मऊ आवाजात 'मंथ्स' हा शब्द वापरला, तेव्हाही पप्पांनी घरी येऊन एवढंच विचारलं की बरणी जागेवर आहे ना. त्यांचं दुसरं काही मागणं नाही, कधी नव्हतंच.

घरी आले तर ते टीव्हीचा आवाज बंद करून बातम्या बघत होते. हल्ली ते तशाच बघतात. "आवाज आला की कुणाची तरी बाजू येते," म्हणतात. पडद्यावर धूळ होती आणि धुळीतून माणसं पळत होती, आणि ती कुठली, कुणाची, हे आवाजाशिवाय खरंच कळत नव्हतं. त्यांना चहा दिला आणि मी त्यांच्या खोलीत गेले. कपाट उघडून, मोजे बाजूला करून, बरणी काढली आणि न्हाणीघरात जाऊन आतून कडी लावली, जणू मी काही चोरीच करत होते. आयुष्यात पहिल्यांदा मी तिच्यावरचं फडकं सोडून, झाकण काढून आत बघितलं. काय असणार? माती होती. फिकट, तांबूस, कोरडी, कोकणातल्या मातीपेक्षा कितीतरी गरीब दिसणारी. एक मुळाचा तंतू होता आणि गोगलगायीचा पांढरा शंख, तांदळाच्या दाण्याएवढा. मी टबच्या कडेवर बसले आणि मला आमचे पूर्वज आठवायला लागले. आमच्या लोकांना सगळ्याचा विसर पडला होता. हिब्रू गेली, पुस्तकं तर जहाजाबरोबर समुद्रातच गेली, सण गेले, तिकडचं आमचं मोठं मंदिर पडल्याचीसुद्धा बातमी त्यांना नव्हती म्हणतात. उरलं काय, तर शनिवार, खवल्याचेच मासे खायचा नियम, आणि 'ऐक, हे इस्राएला' एवढी प्रार्थनेतली एक ओळ. नऊवारी नेसून, भाकरी थापून, शेजाऱ्यांसारखंच ओव्या म्हणून जगलेल्या त्या बायका, पण कुणी मेलं की त्यांना दिशा ठाऊक असायची. पश्चिमेला, समुद्रापलीकडं. दोन हजार वर्षं एखादी गोष्ट न बघता लक्षात ठेवायची म्हणजे काय, हे त्या टबच्या कडेवर मला पहिल्यांदा कळलं.

आणि त्याच क्षणी हनानची तेता आठवली, जिला मी कधी बघितलंही नव्हतं. हनाननं एकदा, खूप वर्षांपूर्वी, सांगितलं होतं: अठ्ठेचाळीस सालचा जुलै महिना, दहा वर्षांची मुलगी, आईचा हात धरून गावाबाहेर पडलेली, पुढं मागं हजारो माणसं, पाणी नाही, आणि मागून इस्रायली सैनिक सांगतायत, चालत राहा. ती चालत राहिली ती रामल्लाला, तिथून अम्मानला, तिथून लग्न होऊन कुवेतला, आणि शेवटी या ओल्या, करड्या शहरात. तिलाही दिशा ठाऊक होती. हनान म्हणायची, खाट कुठंही ठेवा, तेता गावच्या दिशेला उशी फिरवून घेते. म्हणजे या एका मूठभर मातीकडं दोन बाजूंनी तोंड करून माणसं झोपत आली होती. लहानपणापासून मी समजत होते की दोघंजण एकाच वस्तूसाठी भांडत असतील तर त्यांतला एक खोटं बोलत असतो. आता दोघंही खरं बोलत होते, हीच तर पंचाईत होती. मला राग आला नाही, कुणाची बाजूही घ्यावीशी वाटली नाही. डोंगराच्या पायथ्याशी उभं राहून वर बघावं आणि टोपी पडावी, तसं झालं. बाहेरून पप्पांनी दार वाजवलं आणि विचारलं, "अगं, बरी आहेस ना?"

शुक्रवारी संध्याकाळी मेणबत्त्या लावून झाल्या, नारळाच्या दुधातली माशांची कढी वाढून झाली, आणि मग मी विषय काढला. "पप्पा, माझ्याबरोबर हनान काम करते ना, तिची आजी लोदची आहे."

त्यांनी काटा काढून ताटाच्या कडेला ठेवला. "लोदची म्हणजे?"

"तिथलीच. मूळची. तुमच्या आधीची."

"हं."

"जायच्या बेतात आहे. तिला डोक्याखाली ठेवायला तिथली माती हवीय."

पप्पांनी ताट पुढं सारलं. मग म्हणाले, "तू काय सांगितलंस?"

"बघते म्हटलं."

"बघू नकोस."

"पप्पा, चमचाभर दिली तर काय..."

"साखर आहे का शेजारणीला चमचाभर द्यायला? माझी आई आहे त्यात, सारा." त्यांचा आवाज चढला, आणि चढलेला आवाज त्यांच्या हृदयाला झेपत नाही हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. "त्यांच्यावर वाईट वेळ आली, मी नाही कुठं म्हणतोय? आपल्यावर आली नाही? आईनं रंगावरून टोमणे खाल्ले तिथं. तरी म्हणायची, घरातलं माणूस बोललं म्हणून कुणी घर सोडतं का? तिच्यासाठी ते घर होतं. ती तिथं गेली ती पाहुणी म्हणून नाही गेली. ती माती माझी आहे. दुसरी गोष्ट काढ."

दुसरी गोष्ट निघाली नाही. शनिवारचा अख्खा दिवस ते खिडकीशी बसून राहिले. शनिवारी ते दिव्याचं बटणही दाबत नाहीत, त्यामुळं अंधार पडला तरी तसेच बसले होते, आणि मीही मग दिवा न लावता समोर बसले. आमच्यात तारे दिसले की शनिवार संपतो. प्रेस्टविचचं आभाळ नेहमी झाकलेलं, तारे दिसायची सोय नाही, पण पप्पांना त्या वेळेची अंगात घड्याळ असल्यासारखी जाणीव असते. शनिवार संपला असं त्यांना वाटलं तेव्हा ते स्वतःहूनच बोलले. "ती कबरीवरची नाही."

मला आधी कळलंच नाही.

"माती. आईच्या कबरीवरची नाही ती. रविवारी पहाटे आम्ही निघणार होतो. शुक्रवारी जाऊ म्हटलं तर बाबांची कागदपत्रांची धावाधाव. आणि शनिवारी कबरस्तानात जात नाहीत, शनिवारी माती उकरत नाहीत. मी बरणी मांडीवर घेऊन दिवसभर दारात बसलो, तारे केव्हा दिसतात म्हणून. दिसले तेव्हा कबरस्तान बंद झालं होतं. मग आमच्याच अंगणातली घेतली, विहिरीजवळची. आई तिथं कपडे धुवायची. म्हटलं, चालेल. बाबांना सांगितलं कबरीवरची आहे. मग तुझ्या आईला, मग तुला." ते थोडं हसले. "सांगून सांगून मलाही तसंच वाटायला लागलं होतं. काल तू त्या बाईचं नाव काढलंस आणि मला ती विहीर दिसली."

"म्हणजे ज्यांचं ते अंगण..."

"हो. तेच तर." त्यांनी हात पुढं करून अंधारातच बोटं वाकवून दाखवली. "विहिरीच्या काठाच्या दगडाला खाचा होत्या, दोराच्या. दोरानं दगड कापला जातो, सारा. किती वर्षं लागत असतील? मी बोटं घालून बघायचो, माझं अख्खं बोट आत जायचं. कुणाच्या तरी आज्यांनी, पणज्यांनी ओढलेलं पाणी ते. मी आईला विचारलं, ही माणसं कुठं गेली? आई म्हणाली, गेली. मी म्हटलं, परत आली तर? त्या दिवसापासून तिनं एक हंडा जास्तीचा भरून ठेवायला सुरुवात केली. कुणासाठी ते मी कधी विचारलं नाही."

मी उठून दिवा लावला. मला त्यांचा चेहरा बघायचा होता. ब्याऐंशी वर्षांचा माझा बाप अकरा वर्षांच्या पोरासारखा दिसत होता, आणि त्या पोराला मी ओळखत नव्हते. आई होती म्हणून ती माती त्यांची होती, आणि विहीर होती म्हणून त्यांची नव्हती, आणि दोन्ही एकाच बरणीत. इतकी वर्षं ते कपाटात काय घेऊन बसले होते हे मला तेव्हा कळलं. "तिला विचार," ते म्हणाले, "तिच्या विहिरीला खाचा होत्या का." विचारायचं म्हणजे बरणीचं सांगणं आलं. मी हनानला सगळं लिहिलं, लांबलचक, तीनदा खोडून. उत्तर सकाळी आलं. रागाचं असेल म्हणून मी ते किचनमध्ये एकटीनं उघडलं. "तेता म्हणते, अल-लिदमधल्या सगळ्याच विहिरींना खाचा असतात. तिनं विचारलंय, हा माणूस कोण आहे. त्याला घेऊन ये." पप्पांना वाचून दाखवलं तर ते म्हणाले, "कोट काढ माझा."

बरणी मफलरमध्ये गुंडाळून त्यांनी मांडीवर घेतली. देणार आहेत की नुसती दाखवणार आहेत, हे त्यांनी सांगितलं नाही आणि विचारायची माझी छाती झाली नाही. प्रेस्टविच ते क्रम्पसॉल म्हणजे हाकेचं अंतर, टोप्या घातलेली मुलं संपतात आणि वेगळ्या टोप्या घातलेली मुलं सुरू होतात, मधे एक मोठी बाग. हनाननं दार उघडलं, पप्पांना हात दिला, आणि आम्ही दोघींनी एकमेकींकडं बघायचं टाळलं. समोरच्या खोलीत खिडकीशी खाट होती, वेलदोड्याच्या कॉफीचा वास होता, आणि खाटेत एवढीशी बाई, डोक्याला पांढरं फडकं, डोळे मात्र लख्ख. पप्पांनी कोट न काढताच खुर्ची ओढली. "सलाम बाई," ते म्हणाले. मग बोलणं सुरू झालं: ती अरबीत हनानला, हनान इंग्रजीत मला, मी मराठीत पप्पांना, आणि तसंच उलट. प्रत्येक वाक्य तीन घरं हिंडून यायचं आणि येईपर्यंत सगळे गप्प. पप्पांनी सांगितलं, जिथं चर्च आणि मशीद एकाच भिंतीला टेकून उभी आहेत त्याच्या मागच्या गल्लीत आम्ही राहायचो. आमच्या पिढीजात सवयीनं पुढं हेही म्हणाले की आमची मशीद मात्र लांब होती. "तुमची मशीद?" हनान चक्रावली. मी सांगितलं, आमच्याकडं जुनी माणसं सिनेगॉगला मशीदच म्हणतात, कोकणात नमाज पढणारे आणि आम्ही, दोघांचीही मशीदच. तेताला ते कळलं तेव्हा ती पहिल्यांदा हसली.

मग तिनं नाव विचारलं. "बेंजामिन वाक्रूळकर," पप्पा म्हणाले, "वाक्रूळ हे आमचं गाव."

"तिथं आता कोण राहतं?"

"राहतात की लोक. आमचं घर शेजारच्यांनाच देऊन टाकलं आम्ही."

"तुम्हाला कुणी हाकललं तिथून?"

हे मी मराठीत सांगितलं तेव्हा पप्पांनी मान हलवली. "कुणीच नाही. ठाण्याहून निघायच्या आधी गावाला भेटायला गेलो, तर गाव वेशीपर्यंत आलं पोचवायला. बायका रडत होत्या. बाबांच्या हातात नारळ दिला."

हे तिला पटलंच नाही. तिनं हनानला पुन्हा विचारायला लावलं, आपल्या नातीलाच इंग्रजी येत नसावं अशा नजरेनं. "कुणी हाकललं नाही? आणि तरी तुम्ही गाव सोडलंत?"

"दोन हजार वर्षं रोज म्हणत होतो, जाऊ म्हणून," पप्पा म्हणाले. "एक दिवस खरंच रस्ता उघडला. मग काय करणार बाई? म्हणत होतो ते खोटं म्हणत होतो का?"

हे मी इंग्रजीत सांगितलं. हनानचा चेहरा बदलला, कारण तो रस्ता कुणाच्या अंगणातून गेला हे त्या खोलीत सगळ्यांना ठाऊक होतं. क्षणभर वाटलं, ती हे पुढं सांगणार नाही. पण तिनं सांगितलं, शब्द न् शब्द सांगितला असावा, कारण त्याला बराच वेळ लागला. म्हातारीनं पप्पांवर नजर रोखली. रस्त्यावरून ट्राम गेल्याचा आवाज आला आणि विरला. मला वाटलं आता ती आम्हाला जायला सांगेल, आणि सांगितलं असतं तर मी काय म्हणणार होते? "किती वर्षं म्हणालास?" तिनं विचारलं.

"दोन हजार."

"इतकं लक्षात राहतं?"

"पोरांना सांगत राहिलं की राहतं," पप्पा म्हणाले. साधेपणानं म्हणाले, थोड्या अभिमानानंही, आणि म्हणून झाल्यावर आपण काय बोलून बसलो हे त्यांना उमगलं. त्यांनी माझ्याकडं बघितलं. तेतानं हनानकडं बघितलं आणि एकच छोटं वाक्य म्हणाली. हनानचे डोळे भरून आले. मी विचारलं, काय म्हणाली? "मला म्हणाली," हनान म्हणाली, "ऐकलंस ना."

त्या खोलीत मला जे वाटलं ते मी आजवर कुठल्याही प्रार्थनेत अनुभवलेलं नाही. दोन हजार वर्षांची आमची आठवण त्या खाटेवरच्या बाईनं एखादं सुपारीएवढं बी उचलून पदराला बांधावं तशी घेतली होती, आमच्याच तोंडून, आमच्याच शब्दांत. भीती वाटावी असंच होतं ते. पण मला नुसतं नतमस्तक व्हावंसं वाटत होतं, तिच्यासमोर, पप्पांसमोर, आणि त्या सगळ्या जहाजं फुटलेल्या, उन्हात चाललेल्या माणसांसमोर, ज्यांना विसरणं किती सोपं होतं आणि ज्यांनी ते केलं नाही. पप्पांनी मफलर सोडला आणि बरणी खाटेवर ठेवली. "सांग तिला," ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज अगदी शांत होता, "ही तिच्या गल्लीतली आहे की नाही माहीत नाही. पण त्याच गावातल्या अंगणातली आहे. सगळी ठेवून घ्या म्हणावं. माझी आई तिथं आहे, ती मला नेईल ओढून." मला वाटत होतं त्यांना थांबवावं, एकच मागणं असलेला माझा बाप, पण मी ते मुकाट्यानं इंग्रजीत केलं. तेतानं झाकण काढलं. चिमूटभर घेऊन ती बोटांवर चोळली, नाकाशी नेली, आणि इतका वेळ तशीच राहिली की हनान घाबरून पुढं वाकली. मग तिनं हात आत घातला, एक मूठ घेतली, उशीखालच्या रुमालात बांधली, आणि बाकीची बरणी, वाकडी झालेली बोटं पुन्हा पुन्हा घसरत असताना, स्वतःच झाकण लावून पप्पांच्या मांडीवर परत ठेवली. ठेवताना ती काहीतरी म्हणाली. हनाननं तोंडावर हात धरला. ती हसत होती की रडत होती हे मला कळेना, आणि ते वाक्य तिनं तिथं सांगितलं नाही. निघताना दारात, माझ्या कानाशी सांगितलं.

गाडीत पप्पा माझ्या शेजारी बसले होते. बरणी मांडीवर, तिच्यावरून सीटबेल्ट. बागेच्या कोपऱ्यावरच्या सिग्नलला त्यांनी विचारलं, "शेवटी काय म्हणाली गं ती?"

सांगावं की नाही, मला ठरवता येईना. पण आज कुणीच काही गाळलं नव्हतं. "म्हणाली, त्याची आई तिथं आहे, बाकीची त्यालाच राहू दे. खुशाल डोक्याखाली घेऊन झोपू दे. फक्त आम्ही ती माती न्यायला आलो की त्यानं डोकं जरा उचलायचं."

पप्पा माझ्याकडं बघत राहिले. मग हसायला लागले, खोकला येईपर्यंत हसले, आणि मग एकदम थांबले. सिग्नल सुटला तरी मी जागची हलले नाही, मागून कुणीतरी हॉर्न दिला. त्यांनी दोन्ही हातांनी बरणी धरली होती. "बाजूला घे गाडी," ते म्हणाले.

"काय होतंय पप्पा? छातीत दुखतंय?"

"काही होत नाहीये. फोन लाव तिला."

मी गाडी बाजूला घेऊन फोन लावला. पलीकडं हनान होती, आणि तिच्या मागं तेताचा आवाज येत होता. "हं, काय सांगू?" मी विचारलं.

"सांग, उचलीन म्हणावं," पप्पा म्हणाले. "पण मोठ्यानं हाक मारा. मला कमी ऐकू येतं."